सायकलवरचे हे बारीकसारीक आनंद तुम्ही कोणाला सांगता?

सकाळची_फेरी:

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहायला बसले, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी परत सायकल चालवायला लागले त्याला आता दहा महिने झाले. शाळेबरोबर सुटलेली सायकल थेट चाळिशी ओलांडल्यावर हातात आली. सुरुवात गुडघ्यासाठी होती, डॉक्टर म्हणाले पळू नका, सायकल चालवा, त्यात अंगाचा भार सीटवर जातो. गुडघा आता बरा आहे, पण खरं सांगायचं तर मी गुडघ्यासाठी चालवतच नाहीये आता. गजर व्हायच्या आधी जाग येते आणि आज वारा कुठून आहे ते बघायला आधी खिडकीत जाते, इतकं झालंय.

तर मूळ मुद्दा असा की या दहा महिन्यांत इतक्या लहान लहान गोष्टींनी मला आनंद झालाय की तो ठेवू कुठे तेच कळत नाही. उदाहरण देते. परवा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चेन साफ केली, जुन्या फडक्याने सगळी काळी घाण पुसून काढली, मग पॅडल उलटं फिरवत एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडत गेले, शंभरच्या वर कड्या असतात, सगळ्या केल्या, मग वरचं जास्तीचं तेल पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी निघाले तर आवाजच नाही! इतके दिवस जी कुरकुर मी सायकलचाच आवाज समजत होते ती गायब, फक्त टायरची रस्त्यावरची सरसर. मी थांबले, खाली उतरले, मागचं चाक उचलून पॅडल फिरवून बघितलं, खरंच शांत होतं. रस्त्याच्या कडेला एकटीच हसत उभी होते.

तसंच माझ्या रोजच्या वाटेवर एक चढ आहे. पहिल्या महिन्यात उतरून सायकल हातात धरून न्यायचे, मग अर्ध्यापर्यंत जमायला लागलं, मग दोनदा थांबून. गेल्या आठवड्यात सीटवरून न उठता वर पोचले आणि वर गेल्यावर लक्षात आलं की आपण आज चढाचा विचारच केला नाही, कसल्यातरी वेगळ्याच विचारात होतो. आणि पहाटे खोलगट भागात शिरलं की एकदम गार हवा अंगावर येते, थंड हवा जड असते ना, ती खाली साचून राहते, आणि बाहेर आलं की लगेच ऊब लागते, हे गाडीतून कधीच कळलं नव्हतं, त्याच रस्त्याने मी कितीतरी वर्षं गेलेय.

हे घरी सांगितलं तर नवरा "अरे वा" म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो, पण पुढे काय विचारायचं ते त्याला कळत नाही. मैत्रिणी विचारतात वजन किती उतरलं. त्यांची काही चूक नाही पण मला जे सांगायचंय ते तिथे पोचतच नाही.

आणि मग एके दिवशी समोरून एक सायकलवाले येत होते, अनोळखी, जवळ आल्यावर त्यांनी हँडलवरून फक्त चार बोटं उचलली आणि मान हलवली. दोन सेकंदांचं काम. मला दिवसभर बरं वाटत होतं.

म्हणून विचारायचं होतं की तुम्ही हे सगळं कोणाला सांगता? ग्रुपमध्ये गेलं की हा आनंद वाढतो का गोंगाटात विरून जातो? आणि दुसरं, माझा वेग ताशी सोळा-सतरा, कोणाबरोबर गेले तर त्यांना माझ्यासाठी रखडत बसावं लागेल, ही भीती जात नाही. मोकळेपणाने सांगा.

जुना_फ्रीव्हील:

ताई, आधी तुमचं अभिनंदन, त्या चढाबद्दल. सीटवरून न उठता चढलात म्हणजे गिअर वेळेवर हलका केलात, ते ताकदीपेक्षा अवघड असतं.

मी तीस वर्षं चालवतोय आणि आजही चेनला तेल घातलं की दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा किलोमीटर कान लावून ऐकतो. त्यामुळे तुम्ही उतरून चाक फिरवून बघितलंत ते अगदी कळलं. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता वेगाच्या भीतीबद्दल, कारण ही भीती मी खूप जणांत बघितलीय आणि तिच्यापायी चांगली माणसं वर्षानुवर्षं एकटी फिरतात. सपाट रस्त्यावर थोडा वेग आला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केलात की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद जवळपास आठपट. पण कोणाच्या मागे नीट लागलात तर ती हवा पुढच्याने आधीच फोडलेली असते. ताशी तीसच्या आसपास मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. कमी वेगात इतकी नाही वाचत, पण समोरून वारा असला की तिथेही लगेच जाणवतं. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मागे कोणी असलं की पुढच्यालाही थोडासा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागे हवेची जी ओढ तयार होते ती कमी होते. अगदी थोडासा, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास, पण होतो. म्हणजे तुम्ही मागे आहात म्हणून कोणी रखडत नाही, उलट तुम्ही मागे आहात तेवढं त्याचं ओझं उतरतं.

फक्त मागे राहायचं तर शिस्त लागते. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका, तो जरा सरकला की चाकाला चाक लागतं आणि पडतो तो मागचाच. एकदम ब्रेक दाबू नका. सुरुवातीला एक-दीड सायकलीएवढं अंतर ठेवा, सवयीने कमी होतं.

आणि जायच्या आधी सरळ विचारून घ्यायचं, किती किलोमीटर, सरासरी वेग किती, आणि मागे राहणाऱ्यासाठी थांबता का. तिसऱ्या प्रश्नाला जे अडखळतात त्यांच्याबरोबर जाऊ नका. आमचा नियम असा की चढावर ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचं आणि माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं, शेवटचा आला की लगेच निघायचं नाही, त्याचा श्वास बसेपर्यंत थांबायचं. हे शेवटचं फार लोक विसरतात. जो सगळ्यात दमलेला असतो त्यालाच सगळ्यात कमी विश्रांती मिळते.

आनंद सांगण्याचं म्हणाल तर आम्ही पाच जण आहोत आणि राइडवर फार बोलत नाही. उतारावर पॅडल थांबवलं की जी टिकटिक येते ना, मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गोल भागात, स्प्रिंगवर छोट्या खिट्ट्या असतात, त्या दातांवरून घसरत जातात त्याचा तो आवाज. पॅडल मारलं की त्याच खिट्ट्या दातात अडकतात आणि चाक ओढलं जातं. प्रत्येक हबची टिकटिक वेगळी असते. मी मागे न बघता सांगू शकतो कोण माझ्या मागे आहे, आणि एखाद्या रविवारी त्यातला एक आवाज नसला की उतार सुना वाटतो.

एकला_पॅडल:

मी जरा वेगळी बाजू मांडतो, फ्रीव्हील काकांबद्दल आदर ठेवूनच.

मी दोन वर्षं ग्रुपबरोबर चालवली. माणसं चांगली होती, कोणाबद्दल तक्रार नाही. पण हळूहळू असं झालं की राइड संपली की पाणी प्यायच्या आधी मी फोनमध्ये आकडा बघायचो. कोणता चढ किती सेकंदांत, मागच्या वेळेपेक्षा किती कमी, अमुक जण माझ्या पुढे की मागे. एक दिवस घरी आल्यावर बायकोने सहज विचारलं काय काय दिसलं आज, आणि मला एकही गोष्ट सांगता आली नाही. सत्तर किलोमीटर गेलो होतो. त्या रात्री हँडलवरचा कॉम्प्युटर काढून ठेवला, म्हटलं एक महिना बघू, त्याला आता तीन वर्षं होतील.

तेव्हापासून एकटाच जातो. ताई, तुम्ही लिहिलेल्या गोष्टी, गार हवेचा पट्टा, शांत झालेली चेन, या एकट्याला जास्त दिसतात असं माझं ठाम मत आहे. पहिली सायकल म्हणावी अशी वस्तू 1817 मध्ये कार्ल फॉन ड्राइसने बनवली, तिला पॅडलच नव्हतं, लाकडाची दोन चाकं एकामागे एक आणि पायाने जमीन मागे ढकलत जायचं. तो जर्मनीतल्या मॅनहाइममधून तिच्यावर बसून निघाला तेव्हा त्याच्यासारखं दुसरं कोणी त्या रस्त्यावर असणंच शक्य नव्हतं. दोन चाकांवर तोल राहतो ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या एकट्याच्या अंगात होती. मला ते फार भारी वाटतं. आपण प्रत्येक जण लहानपणी सायकल शिकताना, मागून धरणाऱ्याने हात सोडला त्या क्षणी, तसेच एकटे असतो.

मी सांगतो ते वहीला. राइडनंतर एक ओळ, तारीख आणि एक ओळ, जास्त नाही. किलोमीटर लिहायचे नाहीत हा नियम. थोड्या ओळी देतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

"ओला रस्ता. मागच्या टायरला पान चिकटलं, बराच वेळ फट फट वाजत होतं, काढलं नाही."

"समोरून वारा पूर्ण वेळ. परतताना तोच पाठीवर आला तेव्हा कानातला आवाज एकदम बंद झाला."

"सावली आज डाव्या बाजूला कुंपणावर चढून माझ्याबरोबर चालत होती."

वाऱ्याच्या ओळीबद्दल एक सांगतो, पाठीवरचा वारा आणि तुमचा वेग सारखा झाला की कानाजवळची हवा जवळपास थांबते, तेव्हा अचानक पक्षी, टायर, स्वतःचा श्वास सगळं ऐकू येतं. कोणी शेजारी बोलत असेल तर हे निसटतं.

तर माझं मत, सांगायलाच हवं असं काही नाही. पण वही ठेवा. आणि हो, इथे इतकं लिहिलं म्हणजे मीही सांगतोच आहे, ते मान्य.

जुना_फ्रीव्हील:

एकला_पॅडल, पानाची ओळ फार आवडली. आकड्यांबद्दल शंभर टक्के मान्य, आम्हीही रविवारी कोणी वेळ विचारायची नाही असं ठरवलंय.

पण ड्राइस एकटा निघाला हे खरं असलं तरी पुढचा इतिहास बघा ना. मोठं पुढचं चाक आणि मागे चिमुकलं चाक अशा उंच सायकली आल्या तेव्हा लोक डोक्यावर पडायचे, रस्ते वाईट, दुरुस्ती मिळायची नाही, आणि लगेच लोक एकत्र आले. इंग्लंडमध्ये 1878 लाच सायकल टूरिंग क्लब निघाला. त्या काळच्या क्लबांनी एक काम केलं ते मला कायम आठवतं, धोकादायक उतारांच्या माथ्यावर पाट्या लावल्या, की हा उतार धोक्याचा आहे, सांभाळा. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी लावलेली पाटी.

आजही राइडमध्ये पुढचा माणूस हँडलवरचा एक हात खाली नेऊन खड्ड्याकडे बोट दाखवतो, त्याच्या मागचा लगेच तसंच करतो, त्याच्या मागचा तसंच, शेवटपर्यंत. पुढच्याला त्याचा काहीच उपयोग नसतो, त्याने खड्डा चुकवलेला असतो. पहिल्यांदा मला असं बोट कोणी दाखवलं तेव्हा मी नवखा होतो, माझ्या मागे कोणीही नव्हतं, तरी मी सवय म्हणून मोकळ्या रस्त्याला बोट दाखवलं. तो दिवस मला अजून आठवतो.

टँडमची_पुढची_सीट:

हा धागा मी काल रात्री माझ्या मैत्रिणीला वाचून दाखवला, तिने सांगितलं लिही, म्हणून लिहितेय.

मी आणि ती टँडम चालवतो, म्हणजे एकाच सायकलवर दोन सीट, दोन हँडल, दोन पॅडलच्या जोड्या. मी पुढे, ती मागे. तिला दिसत नाही, जन्मापासूनच. चार वर्षं झाली आम्हाला.

टँडमवर दोघींची पॅडलं एका वेगळ्या चेनने एकमेकींना जोडलेली असतात, त्यामुळे एकीने पॅडल थांबवलं की दुसरीचंही थांबतं. मनात आलं म्हणून काही करता येत नाही, सगळं बोलून. निघताना मी दोन्ही पाय जमिनीवर रोवून सायकल घट्ट धरते, ती मागे चढून बसते, पॅडल उलटं फिरवून हव्या त्या जागी आणते आणि म्हणते "तयार", मग मी "एक, दोन, हं", आणि दोघी एकदम जोर देतो. पहिले चार-पाच फेरे डुगडुगतात आणि मग सायकल सरळ होते. हा सरळ होण्याचा क्षण दर वेळी येतो आणि दर वेळी ती मागून "आली" म्हणते. सायकल आली, म्हणजे हातात आली.

रस्ताभर माझं चालू असतं, खड्डा, उचल, गिअर बदलते, डावीकडे वळतोय, सोडू, म्हणजे पॅडल सोडू. सुरुवातीला मला वाटायचं की मी तिला रस्ता सांगतेय. सहा महिन्यांनी कळलं की तीच मला सांगतेय. ती म्हणायची "भिंत संपली", आणि खरंच कुंपणाची भिंत संपलेली असायची, टायरचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो तो बंद झाला की तिला कळतं. "आता झाडं आहेत दोन्हीकडे." "पुढे पाणी आहे का कुठे, वास येतोय." चढ सुरू झाला हे माझ्या डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या पायांना कळतं, इतका हलका चढ की मी त्याला सपाट रस्ताच म्हणाले असते. सकाळची_फेरी ताई, तुम्ही लिहिलेल्या गार हवेच्या पट्ट्याचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, त्या गारव्याच्या दोन पायऱ्या असतात, आधी घोट्यांना गार लागतं, मग चेहऱ्याला." मी चार वर्षं त्या पट्ट्यातून जातेय, घोट्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज सकाळी मुद्दाम बघितलं. खरं आहे, घोट्यांना आधी लागतं.

पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन खेळाडूंच्या सायकल शर्यती अशाच टँडमवर होतात, पुढे डोळस पायलट आणि मागे खेळाडू, आणि पदक दोघांनाही मिळतं. आम्ही शर्यत वगैरे काही करत नाही, पण दोघांना पदक हे मला फार योग्य वाटतं.

एकला_पॅडल, तुमचं म्हणणं मला पटतं, सोबत असली की बडबडीत गोष्टी निसटतात. पण सोबतीचा हाही एक प्रकार आहे, दुसऱ्याला सांगायचं म्हणून आपण नीट बघायला लागतो. तिला सांगायचं नसतं तर आकाशाचा रंग मी निम्म्या वेळा बघितलाही नसता. आणि रंग सांगायचा कसा ते मला अजून धड जमत नाही, परवा म्हणाले की आज आकाश कोमट आहे, तर तिला लगेच कळलं.

रात्रीचा_टेल_लाइट:

ब्रेवे करणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रेवे म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस तास असं. यात पहिला दुसरा कोणी नसतो, वेळेत आला तो आला. या सगळ्याची आई म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, जाऊन येऊन 1200 किलोमीटर, तेव्हा चार्ल्स तेरों नावाच्या फ्रेंच माणसाने साधारण 71 तासांत जिंकली होती. आता ती दर चार वर्षांनी होते, शर्यत म्हणून नाही, आणि जास्तीत जास्त 90 तास मिळतात.

मला जे आवडतं ते म्हणजे तिथला एक नियम. बाहेरून मदत घ्यायची तर फक्त ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यांवर, मधल्या रस्त्यावर गाडी मागे लावून कोणी मदत करायची नाही. पण शेजारच्या रायडरने मदत केली तर चालते. म्हणजे दोन कंट्रोलच्या मध्ये तुम्हाला फक्त तुमच्यासारखेच दमलेले लोक असतात.

माझ्या पहिल्या 400 ला रात्री तीनच्या सुमाराला झोपेने डोळे मिटायला लागले, पांढरी पट्टी हलतेय असं दिसायला लागलं. पुढे एक लाल टेल लाइट होता, कधीचा. तो हळू झाला, माझ्या शेजारी आला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बोलत राहा, काहीही बोला, तुमची पहिली सायकल कोणती होती. मी सांगायला लागलो. रंग, घंटी, ती कोणाकडून आली, मी तिच्यावरून कुठे पडलो, ती कशी गेली. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर पुढचा प्रश्न विचारला, ब्रेक कसे होते, दांडा होता का, हाफ पॅडल मारायचात का. दीड तास. उजाडलं तसे माझे डोळे उघडले आणि त्या "आता ठीक आहात" एवढं म्हणून पुढे निघून गेल्या. चेहरा नीट बघितलाच नाही, हेल्मेटवर दिवा होता त्यामुळे. त्यांची पाठ, जॅकेटवरची चमकती पट्टी आणि तो लाल दिवा एवढंच आठवतंय.

सकाळची_फेरी, पुढे काय विचारायचं ते घरच्यांना कळत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, तिथे मी अडकलो. त्या बाईंना माहीत होतं पुढे काय विचारायचं. एवढाच फरक असतो सोबतच्या रायडरमध्ये.

सकाळची_फेरी:

तुमच्या सगळ्यांचं वाचून काय लिहू कळत नाहीये. टँडमवाल्या ताईंचं दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी घोट्यांकडे लक्ष दिलं, हो, आधी घोटे!

तर सांगायचं म्हणजे काल मी धीर केला. ते चार बोटं उचलणारे सायकलवाले परत समोरून आले, मी या वेळी थांबले आणि त्यांनाही थांबवलं. फ्रीव्हील काकांचे तीन प्रश्न पाठ करून ठेवले होते ते विचारले. ते तिघं जण आहेत, तीसेक किलोमीटर जातात, आणि थांबता का विचारल्यावर म्हणाले थांबतो म्हणजे काय, त्यासाठीच तर जातो.

आज गेले त्यांच्याबरोबर. मला दुसऱ्या नंबरवर ठेवलं. समोरून वारा होता आणि पुढच्या दादांच्या मागे शिरल्याबरोबर असं वाटलं की कोणीतरी दार लावून घेतलं. इतकं लगेच. मी खांद्यावरून बघत राहिले, चाकाकडे नाही. खड्ड्याला बोट दाखवलं दादांनी, मी दाखवलं, माझ्या मागच्यांनी दाखवलं असणार, मी मागे बघितलं नाही पण दाखवलं असणार. चढावर मी सगळ्यात शेवटी पोचले, ते थांबले होते, आणि माझा श्वास बसल्यावरच निघाले. कोणी काही बोललं नाही त्याबद्दल.

एक अडचण आहे, तास-दीड तासाने हाताच्या करंगळ्यांना मुंग्या येतात आणि सीटही टोचते. काय करावं? आणि घरी आल्यावर वहीत पहिली ओळ लिहिली, ती सांगत नाही, वहीतच राहू दे.

जुना_फ्रीव्हील:

वा! फार बरं वाटलं वाचून. दार लावून घेतलं, याच्यापेक्षा नेमकं मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मुंग्यांचं, बहुतेक अंगाचा भार हातांवर येतोय. आधी सीटची उंची बघा. भिंतीला टेकून बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या, पाय जवळपास सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. गुडघ्याचा त्रास होऊन गेलाय तर हे नक्की करा, सीट खाली असली की गुडघ्यावर ताण येतो. मग सीटचं नाक बघा, ते खाली झुकलेलं असेल तर तुम्ही पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता, करंगळ्या तिथेच मरतात. नाक आडव्या पातळीत आणा. एका वेळी एकच बदल करा, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि दोन-तीन राइड चालवून बघा. कोपर थोडं सैल ठेवा, हाताची जागा अधूनमधून बदला, ग्लोव्हज घाला. टायरच्या बाजूवर जो जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो तेवढी हवा भरताय का? भरत असाल तर थोडी कमी करा, रस्त्याचे हादरे निम्मे तिथेच मरतात. एवढं करून मुंग्या राहिल्या तर ओढत नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

एकला_पॅडल:

ओळ वहीत ठेवलीत ते चांगलं केलंत.

आणि मीही एक सांगतो. या धाग्यानंतर परवा बायकोला विचारलं येतेस का माझ्याबरोबर, हळू जाऊ. आली. आठ किलोमीटर. मी तिच्या मागे राहिलो. परतताना ती म्हणाली, मगाशी अचानक सगळं शांत झालं होतं ना, वारा थांबला का? मी म्हटलं नाही, वारा होता, आपण त्याच्याएवढ्याच वेगाने चाललो होतो.

टँडमची_पुढची_सीट:

मैत्रीण शेजारी बसलीय, तिने सगळं ऐकलं. सकाळची_फेरी ताई, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे, तुमच्या मागच्या चाकाची टिकटिक कशी आहे? जाड की बारीक, आणि उतारावर वेग वाढला की ती एक होऊन जाते का वेगवेगळी ऐकू येते?

सकाळची_फेरी:

बारीक आहे. दोन नखं एकमेकांवर आपटल्यासारखी, कोरडी. हळू असताना मोजता येते, आणि वेग वाढला की एक होते, लांब कापड फाडत नेल्यासारखी. आज चौघांची एकदम ऐकली माथ्यावरून उतरताना, त्यात दादांची सगळ्यात जाड होती आणि माझी सगळ्यात वरच्या सुरात. उद्या परत जाणार आहे, नीट ऐकून सांगते त्यांना.